कला शाखेचा पदवीधर आणि अपिलाचे न्यायालय

“बी.ए. होऊन पुढे काय करणार?” हा प्रश्न आपल्याला पाहुण्यांच्या ओसरीवर, एस.टी.त शेजारी बसलेल्या गृहस्थाकडून आणि क्वचित आपल्याच वडिलांकडून इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर आपण पाठच करून ठेवलेले असते. “स्पर्धा परीक्षा देतोय,” असे म्हटले की विचारणारा गप्प बसतो आणि आपणही सुटतो. बी.एड., एम.पी.एस.सी., पोलीस भरती आणि तलाठी भरती या चार खुंट्यांवर कला शाखेतल्या मुलामुलींची स्वप्ने वर्षानुवर्षे टांगलेली आहेत. या चार खुंट्यांपलीकडे एक मोठा वाडा उभा आहे. त्या वाड्यात आपल्याला येते तेच काम रोज चालते, आणि तरी त्याच्या दाराशी आपल्यापैकी फार थोडे फिरकतात. हा वाडा म्हणजे उच्च न्यायालय, आणि त्यातही त्याची अपील शाखा.

आतापर्यंत आपल्याकडे एक सबब होती. मुंबई लांब! कोल्हापूरहून पावणेचारशे किलोमीटर, सावंतवाडीहून त्याहून जास्त. ती सबब आता उरलेली नाही. १७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाचे, म्हणजे सर्किट बेंचचे, उद्घाटन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आले. या खंडपीठासाठी वकीलवर्गाने चाळीस वर्षांहून अधिक काळ आंदोलने केली, मोर्चे काढले, कामकाजावर बहिष्कार टाकले. उद्घाटनाच्या दिवशी फटाके वाजले, पेढे वाटले गेले. भाऊसिंगजी रोडवर सीपीआर रुग्णालयासमोरच्या त्या जुन्या इमारतीचे फोटो आपण सर्वांनी मोबाईलवर पाहिले आणि पुढे पाठवून दिले. पण त्या इमारतीत उद्या बसणार कोण? न्यायमूर्ती बसतील, वकील उभे राहतील, हे खरे. परंतु न्यायमूर्तींच्या हाती कागद देणारा, तो लिहून घेणारा, त्याचे भाषांतर करणारा, त्याची नक्कल काढणारा जो माणूस लागतो, तो कोण असेल? हा प्रश्न पेढे खाताना कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

अपील म्हणजे काय हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. सिनेमात आपण जे कोर्ट पाहतो, तिथे साक्षीदार शपथ घेतो, वकील टेबलावर मूठ आपटतो, मागच्या दारातून अचानक कोणी आई धावत येते. हे सारे खालच्या न्यायालयातले, आणि तिथेही फारसे खरे नाही. अपिलाच्या न्यायालयात सहसा साक्षीदार येतच नाही. तिथे येतो तो कागदांचा गठ्ठा. त्यात खालच्या न्यायालयाचा निकाल असतो, साक्षींच्या नोंदी असतात, दस्तऐवज आणि रोजनामा असतो. त्या गठ्ठ्याचे पेपर बुक होते, आणि ते वाचून न्यायमूर्तींनी ठरवायचे की खालचा निकाल बरोबर की चूक. द्वितीय अपिलात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या शंभराव्या कलमानुसार कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय प्रवेशच नाही. म्हणजे हे सबंध न्यायालय वाचनावर चालते. एक मजकूर दुसऱ्या मजकुराशी ताडून पाहणे, शब्दाचा अर्थ लावणे, दोनशे पानांचे सार दोन पानांत मांडणे, हेच तिथले काम. आपण मराठीच्या तासाला किंवा इतिहासाच्या साधनग्रंथांवर याहून निराळे काय करतो?

हे मी ओढूनताणून म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झाले तेव्हा जुन्या सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालतीचे काम त्याच्या अपील शाखेकडे आले. मूळ शाखेवर बॅरिस्टरांचा आणि सॉलिसिटरांचा पगडा होता. इथेच शिकलेल्या देशी वकिलांना मोकळे रान होते ते अपील शाखेतच. विश्वनाथ नारायण मंडलिक हे याच शाखेतले वकील. त्यांनी ‘व्यवहारमयूख’ इंग्रजीत आणला तो १८८० साली, हौस म्हणून नव्हे. हिंदू कुटुंबाच्या वाटणीचे आणि वारशाचे खटले त्या ग्रंथावाचून सुटत नसत. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले आणि पुढे १८८९ साली ते त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांच्या निधनानंतर १८९३ साली त्या जागी आले ते महादेव गोविंद रानडे, आणि त्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इतिहासग्रंथ लिहिला. सातारच्या संस्कृत पंडिताच्या घरातले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी डेक्कन कॉलेजातून एम.ए. केले, मग कायदा शिकले आणि १९२६ साली अपील शाखेत वकिली सुरू केली. १९६४ साली ते भारताचे सरन्यायाधीश झाले. ही सगळी कला शाखेची माणसे! आमच्या वर्गातल्या एखाद्याला संस्कृत घेतले म्हणून चिडवणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावे.

पण थोरामोठ्यांची नावे घेतली की आपली एक पंचाईत होते. आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो, कारण न्यायमूर्ती काही प्रत्येकाला होता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मंजूर पदे ९४ आहेत, आणि ती काही जाहिरात देऊन भरत नाहीत. म्हणून मला बोलायचे आहे ते त्या ९४ खुर्च्यांच्या खाली चाललेल्या कामाबद्दल. आपण ज्याला तुच्छतेने ‘खर्डेघाशी’ म्हणतो, त्याबद्दल.

नक्कल विभागाचेच उदाहरण घ्या. निकाल लागला, की हरलेल्या पक्षकाराची मुदत सुरू होते. दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायचे तर ९० दिवस, जिल्हा न्यायालयात करायचे तर ३०. मात्र निकालाची नक्कल मिळायला जो वेळ लागला तो या मुदतीतून वजा होतो, आणि म्हणून नकलेवर तारखा टाकलेल्या असतात: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. त्या तारखा कोण लिहितो? एक कनिष्ठ लिपिक. त्याने तारीख चुकवली तर एखाद्या कुटुंबाची दोन एकर जमीन केवळ मुदतीच्या मुद्द्यावर गोत्यात येऊ शकते. मग उशीर माफ व्हावा म्हणून वेगळा अर्ज, त्यावर वेगळी सुनावणी, वेगळा खर्च.

याहून मोठे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच आहे. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या प्रकरणातील अर्जदाराला विद्यापीठाच्या बनावट पदव्यांच्या प्रकरणात शिक्षा झाली होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षांची केली होती. तो सर्वोच्च न्यायालयात पोचला तो चार वर्षांहून अधिक उशिरा. उशिराचे कारण त्याने असे सांगितले की निकालाची प्रत तुरुंगात पाठवली गेली, पण आपल्या हाती ती पडलीच नाही. त्याचा अर्ज फेटाळला गेला. गुन्हाही काही भूषणावह नव्हता. पण त्या निमित्ताने न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिले ते महत्त्वाचे ठरले. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेवर मिळाली पाहिजे, ती पोचल्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपिलासाठी त्याला वकील परवडत नसेल तर शासनाने तो दिला पाहिजे. कारण हे सारे घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काचेच भाग आहेत. बारनिशीत केलेली एक नोंद आणि एक पोचपावती! घटनेचा एकविसावा अनुच्छेद परीक्षेत आपण घडाघड लिहितो, पण तो एखाद्या कारकुनाच्या टेबलावरून चालत जातो हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते.

दुसरे काम भाषांतराचे. याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण माझ्या मते आपल्यासाठी खरी जागा इथे आहे. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. १९९८ साली तशी अधिसूचना निघाली. उच्च न्यायालयाची भाषा मात्र घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजी. साक्षीदार मराठीत बोलतो, पंचनामा मराठीत होतो, आणि अपिलात न्यायमूर्ती वाचतात ते बहुधा इंग्रजी. ते न्यायमूर्ती महाराष्ट्रातले असतील तर मूळ मराठी कागदावरही नजर टाकतील. परंतु मुख्य न्यायमूर्ती साधारणपणे बाहेरच्या राज्यातून येतात, आणि प्रकरण दिल्लीला गेले तर तिथे भाषांतर हाच आधार.

आता एखादी जळालेली बाई रुग्णालयात शेवटचा जबाब देते. “मी पेटले,” असे ती म्हणाली की “मला पेटवले,” की “मी पेटवून घेतले”? एक अपघात, दुसरा खून, तिसरी आत्महत्या. मराठीत फरक आहे तो एका अक्षराचा, एका सहायक क्रियापदाचा. भाषांतरकाराने इंग्रजीत ‘ती जळाली’ एवढेच लिहिले तर तिघींचा मजकूर एक होतो. आणि त्यावर कुणाची जन्मठेप अवलंबून असते. प्रयोग आणि प्रयोजक क्रियापदे हा भाग आपण व्याकरणात पाच गुणांसाठी शिकतो!

जमिनीच्या दाव्यांत तर शब्दागणिक भांडण. ‘ताबा’ आणि ‘वहिवाट’ एक नव्हे. ‘मुदतखरेदी’ असा दस्त झाला तर ती विक्री आहे की गहाण, यावर दोन पिढ्या कोर्टात जातात. विक्री असेल तर जमीन गेली, गहाण असेल तर पैसे फेडून सोडवता येते. बांध, पोटहिस्सा, खातेफोड, कूळ, कुळकायदा यांना इंग्रजीत नेमका शब्द शोधायचा तर आधी शेतातला अर्थ ठाऊक पाहिजे. इंग्रजी माध्यमातून आलेल्या शहरी मुलाला तो असेलच असे नाही. आपल्याला तो घरातून मिळालेला आहे. आपले इंग्रजी कच्चे आहे, हे मान्य. पण इंग्रजी शिकता येते. चुलत्याशी बांधावरून झालेले भांडण शिकवणीला लावून शिकता येत नाही.

जुने दस्त मोडीत असतात हाही एक भाग. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध कशी झाली, ते वर्तमानपत्रांत आलेच होते. इतिहास विभागाने मोडीचा वर्ग काढला की दहा मुले येतात आणि दिवाळीनंतर तीन उरतात. असो.

उलट दिशेचे कामही आहे. निकाल इंग्रजीत लागतो तो ज्याच्यासाठी लागला त्याला कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली भाषांतरासाठी ‘सुवास’ नावाची संगणकप्रणाली आणली. २६ जानेवारी २०२३ रोजी भारतीय भाषांत १२६८ निकाल उपलब्ध झाले. त्यांत हिंदी १०९१, आणि मराठी किती? १४! तमिळ ५२ होते, मल्याळम २९. पुढे मराठीची संख्या वाढली, पण सुरुवातीचा तो आकडा मला विसरता येत नाही. ज्या भाषेत तेलंग-रानडे बोलत, तिची ही अवस्था. यंत्र भाषांतर करते हे खरे, पण ते कोणीतरी तपासावे लागते. कायद्याचे मराठी आणि माणसाचे मराठी या दोहोंची ओळख असलेला तो माणूस असावा लागतो. उच्च न्यायालयाची भाषा मराठी व्हावी असे ठराव आपण साहित्य संमेलनांतून ऐकतो. तो दिवस येईल तेव्हा येवो. तोवर भाषांतरकारांच्या जागा वाढवा, त्यांना बरा पगार द्या, अशी मागणी मात्र कोणी करताना दिसत नाही. ठराव करणे सोपे असते.

आता रोकडा व्यवहार. या नोकऱ्या एम.पी.एस.सी. भरत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. घटनेच्या २२९ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयातील कर्मचाऱ्यांच्या नेमणुका मुख्य न्यायमूर्तींच्या अधिकारात होतात. म्हणून जाहिरात येते ती न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, आणि जो रोज फक्त आयोगाचे संकेतस्थळ उघडतो त्याला ती दिसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील जिल्हा न्यायालयांसाठी एकत्रित भरती निघाली ती ४६२९ पदांची: लघुलेखक ५६८, कनिष्ठ लिपिक २७९५ आणि शिपाई-हमाल १२६६. कनिष्ठ लिपिकाला पदवी आणि टंकलेखन, इंग्रजी मिनिटाला ४० शब्द आणि मराठी ३०. लघुलेखकाला इंग्रजी लघुलेखन १०० शब्द आणि मराठी ८०. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये कनिष्ठ न्यायालय सहायकांची २४१ पदे जाहीर केली. कोणत्याही शाखेची पदवी चालत होती आणि मूळ वेतन ३५,४०० रुपये होते. म्हणजे बी.ए. ला काही किंमत नाही असे म्हणणाऱ्या त्या ओसरीवरच्या पाहुण्यांना दाखवायला एवढे पुरेसे आहे.

माझा एक मावसभाऊ जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे. त्याला मी विचारले, “दादा, एवढ्या मुलांत तुझा नंबर कसा लागला?” तो म्हणाला, “अर्ज करणारे पुष्कळ होते रे. शंभराच्या वेगाने लिहिणारे कुठे होते?” शिपायाच्या जागेला सातवी पास पुरते, तिथे पदवीधर रांगेत उभे असतात. लघुलेखकाच्या जागेला हुन्नर लागतो, म्हणून रांग आखूड. आपण रांग लांब असते तिथेच जाऊन उभे राहतो, ही आपली खोड.

तरी सगळे गोड आहे असे सांगून मी कोणाला फसवणार नाही. लिपिकाचा सहायक कक्ष अधिकारी, कक्ष अधिकारी, पुढे सहायक प्रबंधक अशी शिडी उच्च न्यायालयात आहे, पण ती चढायला आयुष्य जाते, आणि अगदी वरच्या पायऱ्यांवर न्यायिक सेवेतले अधिकारी येऊन बसतात. महाप्रबंधक साधारणतः जिल्हा न्यायाधीशांच्या श्रेणीतलाच असतो. तीस वर्षे कागद हाताळलेल्या माणसाला त्या खुर्चीपर्यंत वाट नसावी, हे मला पटत नाही. शिवाय कोर्टात चिकटवून देतो म्हणून पैसे मागणारे दलाल गावोगाव हिंडतात. एका ओळखीच्या घरातून अशीच मोठी रक्कम गेली; ना नोकरी आली, ना रक्कम परत. भरती परीक्षेतूनच होते, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आपणच समजावले पाहिजे.

ज्यांना वकिलीकडे जायचे आहे त्यांच्यासाठी बी.ए. नंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहेच. सनदेसाठी पूर्वी निरनिराळ्या राज्यांत हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खुल्या वर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. ही मोठीच सोय. पण २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. हेतू समजतो, कोर्टाची पायरी न चढलेल्या मुलाने एकदम न्यायदान करू नये. परंतु ती तीन वर्षे जगायचे कशावर? ज्याचा काका वकील आहे तो तरून जाईल. उसाच्या टोळीतून आलेल्या मुलाला ज्येष्ठ वकील सुरुवातीला देतात तो प्रवासखर्च, आणि तोही दिला तर. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठांना शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. पण ती शिफारसच. अट सक्तीची आणि विद्यावेतन ऐच्छिक, हा न्याय कसला? गरिबाच्या मुलीला न्यायासनापासून दूर ठेवायचा याहून सभ्य मार्ग मला सुचत नाही.

याच ठिकाणी नोकरीचा आणि वकिलीचा धागा जुळतो. आधी न्यायालयातली नोकरी, मग परवानगी काढून कायद्याचे शिक्षण, मग पोटापुरती शिल्लक गाठीला बांधून वकिली, असा लांबचा रस्ताही आहे. नोकरीत असताना सनद घेता येत नाही हे ध्यानात ठेवावे. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यामुळे, म्हणजे १९८७ च्या, उच्च न्यायालयातही विधी सेवा समिती आहे. तिच्या यादीवर नाव लागले तर नवख्या वकिलाला गरीब कैद्यांची अपिले लढवायला मिळतात. पैसा थोडा, शिकणे पुष्कळ.

प्राध्यापक मंडळींकडे शेवटी एक मागणे आहे. आपल्या महाविद्यालयात फुलांची सजावट, मेंदी आणि व्यक्तिमत्त्व विकास यांचे प्रमाणपत्र वर्ग चालतात. त्यांच्याशी माझे वैर नाही. पण सकाळी साडेसात ते साडेआठ मराठी आणि इंग्रजी लघुलेखनाचा एक वर्ग का असू नये? मराठी आणि इंग्रजी विभागांनी मिळून भाषांतराचा एक पेपर ठेवला, आणि त्यात कथाकवितांबरोबर एक खरेदीखत, एक पंचनामा, एक साक्ष असे उतारे दिले, तर विद्यापीठाची परवानगी लागेल, हे मला कळते. दर शनिवारी दोन तास तसा सराव घ्यायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. सातबारा प्रत्येकाच्या घरी आहे. पुढच्या शनिवारी आणायला सांगितले तर मी माझ्या घरचा आणतो. आमच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात आजोबांच्या वेळची एक नोंद आहे, तिचा नेमका अर्थ काय हे घरात अजून कोणाला सांगता आलेले नाही.